घाटकोपरचा छापखाना, देव्हाऱ्यातली लक्ष्मी

मुलुंडच्या जुन्या घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचं मूळ फार लांब नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना काही काळ मुलुंडहून पाचव्या स्थानकावर, घाटकोपरला होता. पुढे तो कार्ल्याजवळ मळवलीला गेला. त्यांची सरस्वती जवळून पाहावी: दोन हात वीणेवर, तिसऱ्यात पोथी, चौथ्यात जपमाळ आणि शेजारी चक्क मोर! लक्ष्मी कमळावर उभी, बाजूला हार घेतलेला हत्ती. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही या कागदाची खरी थोरवी. छापील चित्राची अशी पूजा इतरत्रही झाली: इटलीत फोर्ली शहरातलं माता मेरीचं लाकूडठशाने छापलेलं चित्र १४२८ च्या आगीतून वाचलं आणि पूज्य ठरलं. आपल्याकडे हौशी बायका छापील देवीला खरी जर नि टिकल्या लावून नटवत.