दोन्ही तीरांचा क्लाइव्ह सलिव्हन

रग्बी लीग हा तेरा-तेरा गड्यांचा रांगडा खेळ. लांबट चेंडू घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. यालाच ‘ट्राय’ म्हणतात. या खेळात नाव काढलेले कृष्णवर्णीय खेळाडू क्लाइव्ह सलिव्हन यांचा जन्म १९४३ साली वेल्समधील कार्डिफ शहरी झाला. बालपणी त्यांच्या पायांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. मुलाला धड चालता तरी येईल का, अशी डॉक्टरांना शंका होती!

पुढे ते सैन्यात गेले. १९६१ साली इंग्लंडमधील हल क्लबात दाखल झाले आणि त्यांनी २५० ट्राय केल्या. १९७२ साली ते ब्रिटनचे कर्णधार होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय क्रीडासंघाचे हे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा विश्वचषकाचा अंतिम सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. त्यात सलिव्हन मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावले. आधीच्या सामन्यांतील सरस कामगिरीमुळे चषक ब्रिटनला मिळाला.

हल शहर नदीने दुभागलेले. पश्चिमेचा क्लब एक, पूर्वेचा दुसरा, आणि दोघांत हाडवैर. सलिव्हन दोन्हींकडून खेळले आणि दोन्हीकडच्या लोकांचे लाडके झाले. १९८५ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पश्चिमेकडून हलमध्ये शिरणाऱ्या हमरस्त्याला आज त्यांचे नाव आहे. ज्याच्या चालण्याचीच खात्री नव्हती, त्याच्या नावाच्या वाटेने आता सारे शहर ये-जा करते.