हिचा हात प्लास्टरमध्ये असताना

गेल्या वर्षी पेसाहला दोन आठवडे उरले असताना आमची ही स्टुलावरून पडली. पेसाहची भांडी वर बोयदममध्ये असतात आणि वर्षातून एकदाच खाली येतात, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या लग्नाला ५२ वर्षे झाली आणि ५२ वर्षे ती भांडी हिनेच उतरवली. त्या दिवशी तिने आतून हाक मारली, "अहो, जरा स्टूल धरता का?" मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. "आलोच," म्हटले. पान पुरे व्हायच्या आत आवाज आला. आधी पातेल्याचा, मग तिचा.

उजवे मनगट मोडले होते. इस्पितळात हाड बसवून सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. डॉक्टरने विचारले, किती उंचावरून पडल्या? मी हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली. तो म्हणाला, एवढ्याशा पडण्याने हाड मोडते तेव्हा ते बहुधा आधीच ठिसूळ झालेले असते. हात टेकला म्हणून मनगटावर भागले. कुशीवर पडल्या असत्या तर खुबा गेला असता. पुढे कुपत होलीममध्ये हाडांची घनता मोजली, तेव्हा त्याचे म्हणणे खरे निघाले. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते, हे मी कधीतरी वाचलेही असेन. वाचून पान उलटले असेल.

हाडांविषयी जाणकार मंडळी लिहितील. मला लिहायचे आहे ते माझ्या वयाच्या नवऱ्यांविषयी. "आपल्याला बुवा चहासुद्धा येत नाही" हे आपण चार माणसांत हसत सांगतो. माझ्यापुरती ती थट्टा त्या सहा आठवड्यांत संपली.

मुंबईला आमच्या वडिलांना घरात एकच काम करताना मी पाहिले. शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका निवडून भिजत घालायच्या आणि संध्याकाळी त्या कुस्करून, गाळून किद्दुशचे शरबत करायचे. त्या भांड्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. बाकी चूल, पाणी, धुणे, आजारी पोर, सगळे आईकडे. वडील वाईट नव्हते, गिरणीतून दमून यायचे. आई दमते का, हे मात्र कोणी विचारले नाही. इकडे आल्यावर आमची हीसुद्धा कारखान्यात जाऊ लागली. दोघे एकाच बसने घरी परतायचो. मी खुर्चीत बसायचो, ती ओट्यापाशी उभी राहायची. त्यात काही चुकते आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आणि तिने कधी बोलून दाखवले नाही.

हात मोडल्यावर मुलगी अश्दोदहून आली, चार दिवस राहिली आणि फ्रीज डब्यांनी भरून गेली. पाचव्या दिवशी आम्ही दोघेच. मला १४ वर्षे मधुमेह आहे. गोळ्या ही काढून द्यायची, नाश्त्याच्या बशीशेजारी. कोणती गोळी कशाची, मला माहीत नव्हते. मी त्यांना पांढरी, गुलाबी आणि अर्धी म्हणून ओळखायचो. त्या सकाळी सात वाजता शहाणपणा करून गोळ्या मी स्वतःच घेतल्या. मग प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून तिची अंघोळ, तिचे केस, भांडी, मशीनमधले कपडे. समोर बशी आली नाही, म्हणून खायचे राहून गेले हे लक्षातच आले नाही.

साडेदहाच्या सुमारास कपडे वाळत घालताना हात कापायला लागले. दरदरून घाम फुटला. हातात चिमटा होता, पण तो कशासाठी घेतला तेच आठवेना. मला वाटले, छातीचे काहीतरी झाले. हिने माझे तोंड पाहिले, मला खाली बसवले आणि डाव्या हाताने पेल्यात साखर ओतून पाणी घातले. "आधी हे प्या, मग काय ते बोला." मी पीत असतानाच तिने बोटाला सुई टोचायला लावली. मशीनवर आकडा आला ५४.

मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात हे दोघांनाही माहीत पाहिजे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. हात थरथरणे, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा अर्धा पेला फळांचा साधा रस द्यावा. बिनसाखरेचे पेय उपयोगाचे नाही. चॉकलेट किंवा आपला चिकाचा हलवाही त्या घडीला कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी, आणि सावरल्यावर पाव किंवा जेवण द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०१ ला फोन करावा.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर उलगडून सांगितले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. त्यात अंगमेहनतही साखर खर्च करते. ५२ वर्षे बसून खाणारा माणूस एकाएकी सकाळपासून राबायला लागला आणि गोळी मात्र तीच राहिली. त्यांनी माझी एक गोळी निम्मी केली आणि म्हणाल्या, दिनक्रम बदलला तर आधी मला येऊन सांगत जा. माझ्या गोळ्यांची नावेही मला सांगता आली नाहीत, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मला पुरे झाले.

त्या दिवसापासून आमच्या फ्रीजच्या दारावर दोघांच्या औषधांचा कागद आहे, हिब्रूत ठळक अक्षरांत: नाव, किती, केव्हा, कशासाठी. तसाच एक माझ्या पाकिटात आणि एक तिच्या पर्समध्ये. सात कप्प्यांच्या दोन डब्या आणल्या. माझी मी भरतो आणि तिची ती भरते. मग डब्या अदलाबदल करून तपासतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. बायको गेली तेव्हा त्यांची प्रकृती माझ्यापेक्षा चांगली होती. त्यांना अंडे उकडणेही ठाऊक नव्हते. मुलांनी जेवण आणले तर जेवायचे, नाहीतर चहा, बिस्किटे आणि पाव. वर्षभरात पँट कमरेला दोरीने बांधायची वेळ आली. पायातली ताकद गेली, मग ते पडू लागले. लोक म्हणत, बायकोच्या दुःखाने खंगले. दुःख होतेच, पण ताटात डाळ, अंडे, मासा, दही नव्हते हेही खरे. म्हातारपणी प्रथिने कमी पडली की स्नायू झपाट्याने झडतात. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. मी पहिल्यांदा मुगाच्या डाळीची खिचडी शिकलो, मग अंड्याचे ऑम्लेट, मग नारळाच्या दुधातले मासे. डब्यातल्या तारल्या काट्यांसकट खाल्ल्या तर हाडांना कॅल्शियमही मिळते, आणि त्या शिजवाव्या लागत नाहीत. आळशी माणसासाठी यापेक्षा सोपे काही नाही.

शिकताना बोलणी पुष्कळ खाल्ली. दुधाच्या पातेल्याला मटणाची घासणी लावली, तेव्हा हिने प्लास्टरचा हात उगारला. "अहो, लाल मांसाची, निळी दुधाची! बावन्न वर्षे या घरात जेवताय ना?" जेवत होतो. घासत नव्हतो.

आता स्पोंजाविषयी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना, ६५ वर्षांपुढच्यांनाही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि घरकाम त्यात धरते. मध्यम म्हणजे काम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बादली, फडके, मगाव घेऊन तीन खोल्या पुसून पाहा, गाणे सुचणारच नाही. मात्र बादली अर्धीच भरावी. उचलताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवावेत. पायात रबरी तळव्यांचे, टाचा झाकणारे बूट असावेत. अनवाणी किंवा सपाता घालून ओल्या फरशीवर फिरू नये. फरशी वाळेपर्यंत दोघांनीही बसून राहावे, टेलिफोन वाजला तरी. शुक्रवारी दुपारी घाईने पुसून त्यावरूनच सामान आत-बाहेर नेण्याची आपल्याकडे रीत आहे, ती फार वाईट. आणि घरकामाने सगळाच व्यायाम होतो असेही नाही. तोल आणि ताकद यांसाठी वेगळे काही करावे लागते. किटलीत पाणी तापेपर्यंत मी ओट्याला धरून एका पायावर उभा राहतो, मग दुसऱ्या. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतो. शेजारच्या मोरोक्कन बाईने एकदा खिडकीतून पाहिले आणि हिला विचारले, तुमच्या नवऱ्याला बरे वाटते ना?

प्लास्टर निघाले तोवर मला चांगलीच खुमखुमी आली होती. हिला मी कशालाच हात लावू देत नव्हतो. ती खिडकीपाशी बसून असायची आणि बोलणेही कमी झाले होते. मला वाटले, आराम मिळतोय. फिजिओथेरपीच्या मुलीने मनगट पाहिले, बोटे किती वळतात ते पाहिले आणि घरी ह्या काय करतात असे विचारले. मी अभिमानाने सांगितले, काही नाही, सगळे मीच करतो. ती म्हणाली, मग हात तसाच आखडून राहील. पीठ मळायला द्या, थोडे आणि मऊ. ओले फडके पिळू द्या. मला राग आला. इतके शिकलो, आता हेही चुकले! पण घरी येऊन हिने परातीत हात घातला, दुखल्याने तोंड वाकडे केले, आणि किती तरी दिवसांनी मला म्हणाली, "सरका, तुम्ही पाणी जास्त घातलेत." पोळ्या त्या दिवशी वेड्यावाकड्या झाल्या. मी चार खाल्ल्या, शुगर असूनही.

तेव्हापासून आमच्याकडे वाटणी ठरली आहे. बसून करायचे, बोटांचे आणि चवीचे काम तिचे. उंचावरचे, जड, गरम आणि ओले काम माझे: बादली, ओव्हन, मोठी पातेली, कपड्यांच्या दोऱ्या. स्टुलावर मात्र दोघांपैकी कोणीच चढत नाही. माझेही वय ७८ आहे.

यंदा पेसाहच्या आधी नातू सुटीवर आला, तेव्हा त्याच्याकडून बोयदममधली सगळी खोकी खाली घेतली. पेसाहची भांडी आता ओट्याखालच्या एका कपाटात, कडी लावून, वेगळी ठेवली आहेत. त्यासाठी जागा करायला माझे जुने अंक आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाहेर काढावे लागले. ते कुठे ठेवायचे, असे नातवाने विचारले. हिने वर बोट दाखवले.