‘कनेक्ट’, ‘मॅप’ की ‘अ‍ॅड’? फाइल मॅनेजरचा मेनू नक्की काय म्हणतोय?

हा एपिसोडचा लिखित भाग. मेनूतले शब्द ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेले बरे, म्हणून यावेळी जरा नीट करून टाकलाय. बोलताना आलेले ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘म्हणजे बघ’ कापलेत, बाकी तेच आहे.

तर आजचा सीन असा. फोनचं स्टोरेज भरलंय, ट्रिपचे व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायचेत, केबल सापडत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फाइल मॅनेजरमध्ये यासाठी सोय असते. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले की फोन एक पत्ता दाखवतो. सुरुवातीला ‘एफटीपी’, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे १९२.१६८ वगैरे आकडे. खाली सूचना असते की हा पत्ता कॉम्प्युटरवर टाका.

पण कुठे टाका? लॅपटॉपवर फाइल मॅनेजर उघडला की कुठे ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ दिसतं, कुठे ‘अ‍ॅड अ नेटवर्क लोकेशन’, कुठे ‘कनेक्ट टू सर्व्हर’, कुठे नुसतंच ‘नेटवर्क’. दोन मिनिटं इकडेतिकडे क्लिक करून माणूस कंटाळतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओ पोहोचतो, पण क्वालिटीची वाट लागलेली असते. सोय लॅपटॉपमध्ये होतीच, मेनूतल्या शब्दांनी ती लपवली.

आधी हे कळू दे: होतं काय?

या सगळ्या पर्यायांमागची कल्पना एकच. दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर तुमच्या मशीनवरच असल्यासारखा दिसतो. ते दुसरं मशीन तुमचा फोन असेल, कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर असेल किंवा हजारो किलोमीटर लांबचा सर्व्हर असेल. दोन मशीन एकमेकांशी कुठल्या ‘भाषेत’ बोलणार ते ठरवणारे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, वेगवेगळे आहेत. विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरसाठी एसएमबी, लिनक्स सर्व्हरसाठी सहसा एसएफटीपी, आणि जुना एफटीपी. पत्त्याच्या सुरुवातीची अक्षरं हीच भाषा सांगतात.

एफटीपीचं पहिलं रूप १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिलं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीमध्ये होते. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आज तुमच्या फोनमध्ये चालतेय.

नावं कशी बदलत गेली

विंडोज ९५ मध्ये डेस्कटॉपवर ‘नेटवर्क नेबरहुड’ असा आयकॉन असायचा. म्हणजे शेजार. विंडोज २००० मध्ये त्याचं ‘माय नेटवर्क प्लेसेस’ झालं आणि विस्टापासून नुसतं ‘नेटवर्क’ उरलं. नाव छोटं झालं, पण स्पष्ट झालं का?

आपल्याकडे ‘नेटवर्क’ म्हटलं की काय आठवतं? ‘अरे, घाटात नेटवर्क नाहीये.’ आपल्यासाठी नेटवर्क म्हणजे मोबाइलची रेंज. त्यावर क्लिक केलं आणि खिडकी रिकामी दिसली, की वाटतं वाय-फाय गेलं. खरं कारण वेगळंच असू शकतं. विंडोजमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी बंद असेल, तर आजूबाजूचे कॉम्प्युटर चालू असूनही दिसत नाहीत.

‘मॅप’ तर अजून भारी. आपल्याला मॅप म्हणजे नकाशा. पण इथे अर्थ असा की लांबच्या फोल्डरला ‘झेड’सारखं एक ड्राइव्हचं अक्षर द्यायचं. ज्या काळात सगळं काही ड्राइव्हच्या अक्षरानेच ओळखलं जायचं, त्या काळातला हा शब्द. नॉव्हेलच्या नेटवेअरमध्ये तर ‘मॅप’ नावाची कमांडच होती. तेव्हाच्या अ‍ॅडमिनला तो बरोबर कळायचा. आज फोनपासून कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला त्यातून काहीच कळत नाही. आणि गंमत म्हणजे, फोनने दिलेला एफटीपीचा पत्ता त्या ‘मॅप’च्या चौकटीत टाकून ड्राइव्ह मिळतच नाही. त्यासाठी ‘अ‍ॅड अ नेटवर्क लोकेशन’ लागतं. दोन्ही पर्याय शेजारी शेजारी बसलेत आणि फरक कोणीच सांगत नाही.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. क्रियापद सोपं आहे, पण अर्धंच सांगतं. फाइंडरमधून एफटीपीला कनेक्ट झालात तर फाइली फक्त वाचता येतात, तिकडे टाकता येत नाहीत. ‘कनेक्ट झालंय, मग कॉपी का होत नाहीये?’ हा प्रश्न तिथूनच येतो.

लिनक्सच्या ग्नोममध्ये प्रयोग जास्त झाले. ग्नोम २ च्या काळात ‘कनेक्ट टू सर्व्हर’ उघडलं की आधी प्रकार निवडायची यादी यायची: एसएसएच, पब्लिक एफटीपी, विंडोज शेअर वगैरे. नंतर यादी जाऊन एकच रिकामी चौकट आली, पत्ता टाका म्हणून. ती बरीच वर्षं ‘अदर लोकेशन्स’ नावाखाली तळाशी होती. ‘इतर ठिकाणं’ या नावाखाली सर्व्हर असेल हे कोण ओळखणार? २०२४ च्या ग्नोम ४७ मध्ये ते नाव जाऊन ‘नेटवर्क’ असं वेगळं पान आलं.

यादी बरी की चौकट? माझं मत: ज्याला पत्ता पाठ आहे त्याला चौकट बरी, ज्याला नाही त्याला यादी. चौकट ठेवायचीच असेल तर आत एक नमुना पत्ता फिकट अक्षरात दिसला पाहिजे. तेवढ्याने अर्धे प्रश्न मिटतात.

चांगल्या शब्दांची परीक्षा

मी कुठलाही मेनू बघताना तीन प्रश्न विचारतो. क्लिक केल्यावर मला काय मिळणार? माझ्याकडे आधी काय असायला हवं, पत्ता की पासवर्ड? आणि नंतर काय उरणार, म्हणजे उद्या लॅपटॉप चालू केल्यावर हे असेल की जाईल?

दुसऱ्या प्रश्नाचा एक छोटा इशारा मेनूत आधीच असतो. शब्दापुढची तीन टिंबं. ती असतील तर समजायचं की लगेच काही होणार नाही, आधी अजून माहिती विचारली जाईल. म्हणजे बिनधास्त क्लिक करून बघा, रद्द करता येतं.

जिथे शब्द महाग पडतो

आता सिरियस भाग. एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी. एका अक्षराचा खेळ वाटतो ना? साध्या एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो. हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर कोणी वाहतूक ऐकत बसलं असेल, तर त्याला तो वाचता येतो. एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी, पण एन्क्रिप्शनच्या आवरणात. एसएफटीपी हा एफटीपीचा भाऊ नाहीच, तो एसएसएचवर चालणारा वेगळा प्रोटोकॉल आहे. यादीत नुसती ही नावं ठेवली तर नवखा माणूस ओळखीचं म्हणून एफटीपी निवडणार. त्याऐवजी ‘एफटीपी, पासवर्ड सुरक्षित नाही’ असं तिथेच लिहिलं तर? चार शब्दांचा खर्च आहे.

दुसरं, काम संपल्यावरचा शब्द. विंडोजमध्ये मॅप केलेल्या ड्राइव्हवर राइट-क्लिक केलं तर ‘डिस्कनेक्ट’ येतं. अ‍ॅड केलेल्या लोकेशनवर मात्र ‘डिलीट’ येतं. तिथे डिलीट केल्याने फक्त शॉर्टकट जातो. पण त्या लोकेशनच्या आत शिरून एखाद्या फाइलवर डिलीट दाबलं, तर ती खरीच जाते, आणि नेटवर्कवरची फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. शब्द एकच, परिणाम दोन टोकांचे. ग्रुप प्रोजेक्टचा फोल्डर असेल तर सगळ्यांचंच काम गेलं.

आणि मराठीत?

मराठी मेनूत हा घोळ वाढू शकतो, कारण आपले दोन आवडते शब्द आहेत ‘जोडा’ आणि ‘काढा’. ईमेलला फाइल जोडा, यादीत नाव जोडा, सर्व्हरशी जोडा. अ‍ॅड, अटॅच, कनेक्ट, सगळ्याला एकच शब्द. ‘काढा’ तर विचारूच नका. पेनड्राइव्ह काढा, फाइल काढा, आणि सर्दी झाली की प्यायचा तो काढा. ‘सर्व्हर काढा’ वाचून माणूस घाबरणारच, की सगळं पुसलं जाणार का?

मी लिहिलं असतं तर असं: ‘दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर उघडा…’ आणि संपल्यावर ‘कनेक्शन बंद करा’. कायमचं ठेवायचं असेल तर ‘हा फोल्डर बाजूच्या यादीत ठेवा’. ‘कनेक्शन’ शब्द सगळ्यांना कळतो, गॅसचं असतं, लाइटचं असतं. कनेक्शन बंद केल्याने घरातलं सामान जात नाही, हे आपल्याला माहीतच आहे.

जाता जाता

घरच्या वाय-फायवर फोनचा एफटीपी पत्ता आला तर विंडोजमध्ये तो फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत थेट टाकून बघा. काम झालं की फोनवरची सोय लगेच बंद करा. आयफोनवाल्यांनो, तुमच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे, वरच्या तीन टिंबांच्या मेनूत बघा. पासवर्ड मागणारा सर्व्हर असेल तर एसएफटीपी आहे का, ते आधी विचारा.

आणि एक काम तुमच्यासाठी. ग्नोम आणि केडीई यांची भाषांतरं स्वयंसेवक करतात, मराठीचीही. तुमच्या लॅपटॉपची भाषा एक दिवस मराठी करा, फाइल मॅनेजर उघडा, आणि जिथे अडखळलात तो शब्द त्यांना कळवा. सोबत तुमचा पर्यायही द्या, नुसतं ‘चुकीचं आहे’ नको. तुम्हाला सुचलेला शब्द मलाही पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. भेटू!