परक्या आभाळात

१९५६ साली फ्रान्समधल्या सँ-याँ इथे जागतिक ग्लायडिंग अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि हे पद पहिल्यांदाच एका अमेरिकन वैमानिकाकडे गेलं. पॉल मॅकक्रेडी हे त्यांचं नाव. ज्या ग्लायडरमधून त्यांनी स्पर्धा जिंकली ते मात्र अमेरिकन नव्हतं. ते यजमान देशातच बनलेलं ब्रेगे ९०१ होतं. त्याआधी दोन वर्षं, १९५४ साली, इंग्लंडमधल्या कॅम्पहिलच्या स्पर्धेत फ्रान्सच्या जेरार पियेर यांनी याच बनावटीच्या ग्लायडरवर विजेतेपद मिळवलं होतं.

यंत्र युरोपातलं, आभाळही युरोपातलं. मॅकक्रेडींचं स्वतःचं असं काय होतं? एक आकडेमोड. विमानविद्येत डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाने एका साध्या प्रश्नाचं गणित मांडलं होतं. ग्लायडरला इंजिनाचा आधार नसतो. दोरीने ओढून वर नेलं आणि सोडून दिलं की पुढची उंची मुख्यतः थर्मलमधून मिळवायची. थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा हवेचा झोत, घारी ज्यात पंख न हलवता चढत जातात तो. एका थर्मलमधून निघून दुसरा गाठेपर्यंत ग्लायडर खाली खाली येत असतं. मग या मधल्या टप्प्यात उडायचं किती वेगाने? मॅकक्रेडींचं उत्तर असं, की ते पुढच्या थर्मलच्या जोरावर ठरतं. पुढचा झोत जोरकस असेल तर नाक खाली करून वेग वाढवावा, कारण गमावलेली उंची तिथे झटपट भरून निघते. तो अशक्त असेल तर हळू जावं आणि उंची जपावी. ग्लायडर किती वेगाने चढतंय किंवा उतरतंय हे दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या तबकडीभोवती त्यांनी एक फिरती कडी बसवली. त्या कडीवर योग्य वेग वाचता येई. आजच्या ग्लायडरमधल्या संगणकातही पुढच्या थर्मलच्या अपेक्षित जोराचा आकडा त्यांच्याच नावाने भरला जातो.

हे सूत्र जगात कुठेही चालतं. पण त्यात भरायचा आकडा हा अंदाज असतो, आणि तो ज्या त्या आभाळाकडूनच शिकावा लागतो. परदेशी स्पर्धेला निघालेल्या वैमानिकाची खरी अडचण इथे सुरू होते, असं मला वाटतं. पैसा, प्रवास, परवाने ही संकटं मोठीच आहेत, पण त्यांचा घाव शेवटी या अंदाजावरच बसतो.

इटलीतल्या रिएतीचं उदाहरण घ्या. १९८५ आणि २००८ साली इथे जागतिक स्पर्धा झाल्या. अपेनाइन डोंगरांच्या कुशीतलं हे खोरं, आणि पश्चिमेला समुद्र फार दूर नाही. दुपार कलायला लागली की समुद्रावरची गार, दमट हवा खोऱ्यांतून आत शिरते आणि तिच्याखाली सापडलेले थर्मल विझतात. ती हवा कोणत्या खोऱ्यात आधी येते, कोणती धार उशिरापर्यंत जिवंत राहते, हे तिथल्या क्लबातल्या वैमानिकाला तोंडपाठ असतं. पाहुण्याला ते नकाशावर दिसत नाही. तो साडेतीनला ज्या धारेकडे भरवशाने निघतो, ती त्याआधीच थंड झालेली असते. टेक्सासमधल्या उवाल्डेला नेमकं उलट घडतं. १९९१ आणि २०१२ साली तिथे जगभरातले वैमानिक जमले होते. सकाळी मेक्सिकोच्या आखातावरून आलेल्या ओलाव्याचे ढग इतके खाली असतात, की नवख्याला आज काही खरं नाही असं वाटावं. दुपारी तेच ढग चढत जातात आणि संध्याकाळपर्यंत थर्मल दमत नाहीत. इथे सावधपणे, उंची जपत उडणारा माणूस मागे पडतो.

विषुववृत्त ओलांडलं की गोंधळ आणखी खोलवर जातो. ऑस्ट्रेलियात वायकेरीला १९७४ साली, बेनाला इथे १९८७ आणि २०१७ साली जागतिक स्पर्धा झाल्या. जर्मनी किंवा पोलंडचा वैमानिक आयुष्यभर दुपारचा सूर्य दक्षिणेला बघत आलेला असतो. दिशा, सावल्या, डोंगराची कुठली बाजू तापलेली असेल, हे सगळं विचार न करता त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बेनालाला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि डोंगराचा तापलेला उतारही उत्तरेकडचा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाबाचा पट्टा डाव्या हाताला असतो, इथे तो उजव्या हाताला येतो. नीट विचार करायला वेळ असेल तर यातलं काहीच अवघड नाही. पण पाच-सहाशे मीटर उंची उरलेली असताना, शेजारी पाच ग्लायडर घिरट्या घालत असताना, हात सवयीनेच चालतो.

त्यात ग्लायडर भाड्याचं असेल तर समोरचे काटेही परके. युरोपातला बहुतेक वैमानिक उंची मीटरमध्ये आणि चढण्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा मोजतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हेरिओमीटरवर नॉट असतात आणि उंची फुटांत. सेकंदाला एक मीटर म्हणजे साधारण दोन नॉट. काटा ‘चार’ दाखवतो आणि मनात पटकन येतं, काय जोरकस थर्मल आहे! प्रत्यक्षात तो सेकंदाला दोन मीटरचा असतो, घरी ज्याला साधारणच म्हटलं असतं असा. अमेरिकेत हवेचा दाबही पाऱ्याच्या इंचांत सांगतात.

मग आपलंच ग्लायडर का नेऊ नये? अनेक जण नेतात. पंख सुटे करून सगळं यंत्र एका लांबलचक बंद ट्रेलरमध्ये मावतं, आणि तो ट्रेलर कंटेनरमध्ये घालून बोटीने पाठवतात. युरोपातून ऑस्ट्रेलियाला जायला कित्येक आठवडे लागतात, परतीचे तितकेच, शिवाय बंदरातला मुक्काम आणि जकातीची कागदपत्रं. ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, चाकांना चिकटलेली माती किंवा गवताचं बीसुद्धा चालत नाही. एका स्पर्धेपायी वैमानिक कित्येक महिने आपल्या यंत्राला मुकतो, म्हणजे तेवढा सरावही बुडतो. दक्षिणेकडची स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत म्हणजे ऐन उन्हाळ्यात येते, तेव्हा युरोपात कडाक्याची थंडी असते आणि हंगाम संपून दोन-तीन महिने झालेले असतात. म्हणून ज्यांना परवडतं ते संघ आधीच जाऊन राहतात. ज्याला नोकरीतून जेमतेम तीन आठवड्यांची रजा मिळते, तो पहिल्या स्पर्धादिवशी तिथल्या आभाळाशी ओळख करून घेत असतो.

आणि हा बहुतांशी हौशी लोकांचा खेळ आहे. डझनाहून अधिक जागतिक सुवर्णपदकं मिळवणारे पोलंडचे सेबास्टियन कावा पेशाने डॉक्टर आहेत.

पोलंड, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांच्या यशामागे आणखी एक गोष्ट आहे. एका देशाचे दोन वैमानिक जोडीने उडतात. थोडं अंतर ठेवून दोघं दोन बाजूंनी आभाळ चाचपतात आणि ज्याला चांगला थर्मल लागला तो रेडिओवर दुसऱ्याला बोलावतो. अंदाज चुकण्याची शक्यता तिथेच बरीच कमी होते. ही जोडी वर्षानुवर्षं एकत्र उडून जमते. दूरच्या देशाचा वैमानिक स्पर्धेतल्या आपल्या वर्गात बऱ्याचदा एकटाच असतो, मग तो इतरांच्या घोळक्यामागून जातो. घोळक्यामागून जाणारा फार मागे पडत नाही, पण तो पहिलाही येत नाही.

घोळका धोक्याचाही असतो. एकाच थर्मलमध्ये वीस-पंचवीस ग्लायडर, सगळ्यांची नजर ढगाकडे आणि काट्यांकडे. २००४ पासून वापरात आलेल्या, स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या फ्लार्म या यंत्रणेने टकरीची आगाऊ सूचना मिळू लागली, तरी डोळ्यांचं काम संपलेलं नाही. धोका केवळ घोळक्याचा नसतो; परक्या भूभागाची किंमतही या खेळाने फार आधी मोजली आहे. १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या समेदानच्या स्पर्धेत किट निकोल्सन आणि डोनाल्ड ग्रेग हे दोन ब्रिटिश वैमानिक मृत्युमुखी पडले. निकोल्सन नावाजलेले वास्तुविशारद होते. इंग्लंडच्या बुटक्या टेकड्यांवर शिकलेल्या माणसासाठी आल्प्स म्हणजे वेगळंच जग. ती स्पर्धा जिंकली स्वीडनच्या पेर-आक्सेल पेर्सोन यांनी. आल्प्स त्यांच्याही देशात नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं.

यजमानांना मिळणारा फायदा कधी हद्दही ओलांडतो. २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात लेक कीपिटला महिलांची जागतिक स्पर्धा झाली. ग्लायडर कुठे आहेत याची माहिती प्रेक्षकांना मुद्दाम थोड्या उशिराने दाखवली जात होती. यजमान संघाने ती विनाविलंब मिळवून वापरल्याचं उघड झालं आणि त्यांचे गुण कापले गेले. प्रतिस्पर्धी या क्षणी कुठे आणि किती वेगाने चढतोय हे कळलं, की पुढच्या थर्मलचा अंदाज बांधावाच लागत नाही. या खेळात याहून मौल्यवान माहिती नाही.

सगळ्यांना समान संधी देण्याचा एक उपाय फार जुना आहे. १९४० च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचा समावेश व्हायचा होता. त्यासाठी सर्व देशांच्या वैमानिकांनी एकाच बनावटीचं ग्लायडर उडवावं असं ठरलं. १९३९ साली इटलीत चाचण्या होऊन हान्स याकोब्स यांनी रेखाटलेल्या ‘माइझे’ची निवड झाली. युद्धाने ते ऑलिंपिकच गिळलं. माइझे मात्र उरलं, आणि युद्धानंतर ब्रिटन आणि फ्रान्समध्येही बांधलं गेलं. नव्वदच्या दशकात हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुन्हा तोच विचार केला. स्वस्त, साधं, सर्वांना एकच यंत्र म्हणून पोलंडचं पीडब्ल्यू-५ निवडलं गेलं आणि त्याचा स्वतंत्र जागतिक वर्ग सुरू झाला. तो वर्ग टिकला नाही. वैमानिकांना लांब पंखांची, लांबच लांब तरंगत जाणारी यंत्रंच हवी होती. मला याचं वाईट वाटतं. यजमान देशाने सर्वांना एकसारखी ग्लायडर पुरवायची आणि वैमानिकाने फक्त पॅराशूट घेऊन यायचं, अशी एक तरी स्पर्धा टिकली असती, तर विजेत्यांच्या यादीत आणखी कितीतरी देश दिसले असते.

त्या यादीत भारताचं नाव नाही. पुण्याला हडपसरमध्ये केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर १९५० साली सुरू झालं. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर्ष अशा नक्षत्रांच्या नावांची, तसंच कार्तिक या नावाचं, ग्लायडर देशातच घडवली. त्यातलं एकासनी कार्तिक पंधरा मीटर पंखांचं होतं, म्हणजे जागतिक स्पर्धांमधल्या स्टँडर्ड वर्गाच्या मापाचं. यंत्र बांधण्याची अक्कल आपल्याकडे साठच्या दशकातच होती. पण विंचने, म्हणजे जमिनीवरून दोरी ओढणाऱ्या यंत्राने, वर जायचं, धावपट्टीच्या आसपास घिरट्या घालून तिथेच उतरायचं, एवढ्यावर स्पर्धेचा वैमानिक तयार होत नाही. त्याला धावपट्टी नजरेआड करून शे-दोनशे किलोमीटर जावं लागतं, अनोळखी शेतात उतरावं लागतं आणि ट्रेलर घेऊन येणाऱ्या सोबत्यांची वाट बघावी लागते. हडपसरपासून जवळच लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे, तिथल्या आकाशाला मर्यादा असणारच. मोकळं आकाश आणि दुपारचं कडक ऊन महाराष्ट्रात इतरत्र भरपूर आहे. सोलापूरकडच्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या रिकाम्या धावपट्टीवर मार्च-एप्रिलचे दोन महिने एक विंच, दोन ग्लायडर आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणांची परवानगी मिळाली, तर सुरुवात तिथून होऊ शकते.