अंबरातला किडा: मोल नेमके कशाचे?

लॉकेटमधल्या पिवळ्या अंबरात किडा दिसतो आहे, म्हणजे अंबर अस्सलच असणार, असे बहुतेक ग्राहक गृहीत धरतात. बनावट अंबराचा धंदा याच समजुतीवर चालतो. साध्या तुकड्यापेक्षा किडा असलेला तुकडा महाग विकला जातो, तेव्हा नक्कल करण्याचा मोहही तिथेच जास्त. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक माशी होती. विली हेनिग या नामवंत जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही आढळणारी माशीची एक जात कोट्यवधी वर्षे जशीच्या तशी टिकली, असा त्याचा अर्थ होता. १९९३ मध्ये अभ्यासक अँड्र्यू रॉस तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने त्यात भेग उमटली आणि बिंग फुटले. कोणीतरी अंबर मधोमध कापून एका भागात खड्डा कोरला होता आणि त्यात अलीकडची माशी बसवून दोन्ही भाग चिकटवून टाकले होते. अंबर खरे, माशीही खरी, दोघांची भेट तेवढी खोटी. जिथे हेनिग फसले, तिथे दुकानाच्या काउंटरवर नुसत्या नजरेने कोण काय ओळखणार?

अंबराला गोठलेला डिंक म्हणतात, तेही चूक. लाडवातला डिंक पाण्यात विरघळतो. तो जमिनीत युगानुयुगे टिकलाच नसता. अंबर होते राळेपासून. जखमी खोडातून राळ पाझरते, तिच्यात चिलटे-मुंग्या अडकतात, ती गाळाखाली दबते आणि तिच्यातले रेणू हळूहळू एकमेकांत गुंफून कठीण होत जातात. पोलंड-रशियाच्या किनाऱ्याकडचे बाल्टिक अंबर साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचे, डॉमिनिकन रिपब्लिकचे दीड ते दोन कोटी वर्षांचे, तर म्यानमारच्या काचिन प्रांतातले सुमारे ९.९ कोटी वर्षांचे. आपल्या शेजारचे उदाहरणही आहे. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर मिळाले आणि २०१० मध्ये त्यातल्या कीटकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते ज्या कुळातल्या झाडांचे, त्याच कुळातल्या सालवृक्षाची राळ आपण आजही धूप म्हणून जाळतो. हे अंबर इतके मऊ की द्रावणात विरघळवून अख्खा कीटक बाहेर काढता येतो. दागिन्याला ते जवळपास निरुपयोगी, अभ्यासकाला मात्र अनमोल. याउलट कोपल म्हणजे पुरती न पिकलेली राळ. तीही पिवळी, तीही किड्यांनी भरलेली, पण वय फार तर काही हजार किंवा लाख वर्षे. बाजारात ती सर्रास अंबर म्हणून खपते.

या दागिन्यांचे आकर्षण वाढवले ते ‘जुरासिक पार्क’ने. अंबरातल्या डासाच्या पोटात डायनासोरचे रक्त, त्यातून डीएनए, त्यातून डायनासोर. १९९३ च्या त्या चित्रपटात अंबराची खाण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दाखवली आहे. तिथले अंबर तयार झाले तेव्हा डायनासोर जाऊन साडेचार कोटी वर्षे उलटली होती. पडद्यावर दिसतो तो डास तर रक्त न पिणाऱ्या जातीचा! त्याच सुमारास अंबरातून प्राचीन डीएनए मिळाल्याचे दावे शास्त्रीय नियतकालिकांतही झळकले, पण लंडनमध्ये ते प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा काही हाती लागले नाही. पुढे मँचेस्टरच्या संशोधकांनी कोपलमधल्या मधमाश्या तपासल्या. त्यांतही प्राचीन डीएनए असल्याचा पुरावा सापडला नाही. अंबरात टिकतो तो मुख्यतः आकार. पुष्कळदा आतले शरीर कुजून गेलेले असते आणि उरते ती कवचाची पातळ खोळ.

मग या दागिन्यात राहिले काय? पुरावा. हिऱ्यातल्या डागाने किंमत उतरते आणि अंबरातल्या किड्याने चढते, कारण तो किडा एका ठिकाणची आणि काळाची साक्ष देतो. हे मानले की खरेदीची दृष्टी बदलते. बरोबर मध्यभागी बसलेला, पाय पसरलेला मोठा विंचू बहुधा प्लास्टिकच्या राळेत ओतलेला असतो. मोठे, ताकदवान कीटक राळेतून निसटत. अडकले ते बहुतांशी काही मिलिमीटरचे, वेडेवाकडे, कधी पाय तुटलेले. आत चमकणाऱ्या गोल चकत्यांना पुष्कळ जण पाकळ्या किंवा माशाचे खवले समजतात. बहुतेकदा त्या अंबर मुद्दाम तापवल्याने पडलेल्या चिरा असतात.

यावर कोणी म्हणेल, दागिना शोभेसाठी घ्यायचा, पुराव्याशी आम्हाला काय करायचे? शोभेसाठीच घ्यायचा तर खुशाल घ्यावा, पण मग किड्यासाठी जादा पैसे मोजायचे कारण उरत नाही. खरेखोटे घरीच ओळखता येते, हा घरगुती चाचण्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. घट्ट मिठाच्या पाण्यात अंबर तरंगते, काच आणि बेकेलाइट बुडतात, हे खरे. पण कोपल तरंगते, पॉलिस्टायरीन तरंगते आणि ती लंडनची माशीसुद्धा तरंगली असती. चांदीत जडवलेल्या खड्याला तर ही चाचणी लागूच पडत नाही. तापलेल्या सुईने वास घेऊन पाहावे तर चांगला तुकडाच डागाळतो. भरवशाची ठरते ती सूक्ष्मदर्शकाची आणि अवरक्त किरणांची तपासणी.

दागिन्यांच्या हौसेपायी जीवाश्म वाया जातात, ही तक्रारही अर्धीच खरी आहे. २०१५ मध्ये लिडा शिंग या चिनी शास्त्रज्ञाला म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या मिचिना बाजारात पिसे असलेली डायनासोरची शेपटी मिळाली, ती दागिन्यासाठी घासून ठेवलेल्या अंबरात. विक्रेत्याला ती वनस्पती वाटली होती. व्यापार नसता तर तो तुकडा उजेडात आला असता का, शंकाच आहे. पण त्याच काचिनमध्ये अंबराच्या खाणींवरून रक्त सांडले आहे. २०१७ मध्ये लष्कराने खाणींचा ताबा घेतला आणि त्यानंतरच्या मालापासून दूर राहण्याचे आवाहन पुराजीवशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये केले. ‘बर्मी अंबर, डायनासोरच्या काळातले’ ही जाहिरात वाचताना हा इतिहासही लक्षात असावा.

तेव्हा विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: माल कोणत्या प्रदेशातला आणि कधी काढलेला, आणि प्रयोगशाळेचा अहवाल नुसत्या अंबराचा आहे की आतल्या किड्यासकट तपासून दिलेला? उत्तर मिळाले नाही, तर केवळ रंग आवडला म्हणून जेवढे दिले असते तेवढेच पैसे द्या.