खापरपणजीची खानावळ, आकडा 10 लाख डॉलर!

उन्हाळ्यात अमेरिकेत ताईकडे जाताय? मग तिला आधीच 'अँटिक्स रोड शो'साठी अर्ज करायला सांगा. पीबीएस चॅनेलच्या या शोचं तिकीट फुकट, फक्त लॉटरीत नंबर लागायला हवा. माणशी दोन वस्तू न्यायच्या. खेळणी, पोस्टर, कार्डं चालतात. एक्स्पर्ट वस्तू उलटीपालटी करून बघतो नि किंमत सांगतो. कॅमेरा मात्र मोजक्यांच्याच वाट्याला. बाकीच्यांची बोळवण टेबलापाशीच!

2014 साली न्यूयॉर्कच्या शूटिंगला एक बाई जुनी बेसबॉल कार्डं घेऊन आल्या. त्यांच्या खापरपणजीचं बॉस्टनमध्ये बोर्डिंग हाऊस होतं. 1871-72 मध्ये रेड स्टॉकिंग्जचे खेळाडू तिथंच राहायचे. कार्डांसोबत त्याच खेळाडूंनी लिहिलेलं पत्र, त्यात बाईंच्या हातच्या जेवणाची तारीफ! आधी कुणीतरी या सगळ्याचे 5 हजार डॉलर देऊ केले होते. इथं आकडा निघाला 10 लाख. कार्डं आणखी कुणाकडे असतीलही बॉस, पण ते पत्र?

फक्त एक लक्षात घ्या, हा आकडा विम्यासाठीचा. लिलावात तेवढे मिळतीलच असं नाही. विकायचं मनात असेल तर 'ऑक्शनला किती येतील?' हे तिथल्या तिथंच विचारून घ्या.