केसाळ कुत्र्यांची निगा : कात्रीच्या आधीं फणी

आपल्या तालुक्यांतील निर्मळ, आगाशी, नाळें, भुईगांव, अर्नाळा आदि गांवच्या वाड्यांत राखणीस कुत्रें ठेवण्याचा परिपाठ जुनाच आहे. हें कुत्रें बहुधा गांवठी व आंखूड केसांचें असे. पावसांत भिजलें तरी अंग झाडून तें थोड्याच वेळांत कोरडें होई. हल्लीं मात्र वाड्यांत आणि सन २००९ मध्यें स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींतील नव्या इमारतींतही जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, क्वचित् सेंट बर्नार्ड अशीं थोराड व केसाळ कुत्रीं दिसूं लागलीं आहेत. त्यांस न्हाऊं घालून केस विंचरण्या-कापण्याचीं दुकानेंही निघालीं असून त्या कामास सर्वत्र ‘ग्रूमिंग’ असेंच म्हणतात. असें जनावर त्या दुकानांत केव्हां न्यावें, तेथें काय करवून घ्यावें आणि काय करूं देऊं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हीं कुत्रीं मूळचीं कोठलीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. सेंट बर्नार्ड हा आल्प्स पर्वतांतील सुमारें ८,१०० फूट उंचीच्या खिंडींतील मठाचा. गोल्डन रिट्रीव्हर एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडमध्यें तयार झाला. जर्मन शेफर्ड मेंढरें राखणारा. त्या जातीची रीतसर संस्था जर्मनींत सन १८९९ मध्यें निघाली. तिघेही थंड मुलुखांतले, म्हणून त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आंत मऊ दाट लोकर व वर लांब राठ केस. वरचा थर ऊन-पाणी अडवितो, आंतला ऊब राखतो. ही लोकर वर्षांतून साधारण दोनदां मोठ्या प्रमाणावर गळते.

चैत्र-वैशाखाच्या उकाड्यांत जनावराची दया येऊन पुष्कळ लोक त्याची सरसकट भादरणी करवितात. हेतु चांगला, परंतु उपाय चुकीचा. कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. त्याचें शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होतें. भादरल्यानें ऊन थेट कातडीवर पडतें. शिवाय पुढें कित्येकदां वरचे राठ केस विरळ व ठिगळाठिगळांनीं येतात, क्वचित् महिनोन्महिने येतच नाहींत. शाकार गळूं लागला म्हणून कोणी घराचें छप्परच उतरवीत नाहीं. कुजका पेंढा तेवढा काढून टाकतो. येथेंही तोच न्याय लागू आहे.

आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रु केसांची लांबी नसून ओल हा आहे. गळलेली लोकर विंचरून काढली नाहीं, तर ती राठ केसांत अडकून जटा बनतात. जटेखालीं हवा खेळत नाहीं. आषाढ-श्रावणांत तेथें ओल मुरते, कातडी लाल होऊन चिघळते, आणि अशा जखमेवर माशी बसली म्हणजे किडे पडावयास वेळ लागत नाहीं. जटांच्या आडोशास गोचिडीही दिसत नाहींत. आणि गोचिडीमुळें येणारा ताप दुर्लक्ष झाल्यास कुत्र्याचा प्राण घेतो.

म्हणून आठवड्यांतून निदान तीन वेळां पाव-पाव तास घरींच फणी फिरवावी. वरवर फिरवून उपयोग नाहीं. एका हातानें केस दुभंगून कातडी दिसेपर्यंत थराथरानें विंचरावें. कानांमागें, काखेंत, मांड्यांच्या आंत, शेपटीखालीं व गळपट्ट्याखालीं विशेष पाहावें. न्हाऊं घालण्यापूर्वीं गुंता सोडवावा, नंतर नव्हे. लोकर भिजवून मळली म्हणजे तिचा नमदा होतो, तसाच भिजलेला गुंता अधिक घट्ट होतो. माणसाचा साबण वापरूं नये. न्हाणें झाल्यावर आंतली लोकर पूर्ण कोरडी करणें हें सर्वांत महत्त्वाचें; तें जमत नसेल तर त्या दिवशीं न्हाऊंच घालूं नये. चिखलांतून आल्यावर पंजे धुवून पुसावे. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यासच नव्हे, धन्यासही होतो. त्याची व रेबीजची लस पशुवैद्याकडून वेळेवर टोंचून घ्यावी.

मग दुकानाचें काम काय? पन्नास-साठ किलोचें जनावर घरीं वाळवणें कठीण. तेथें वाऱ्याच्या जोरावर लोकर मोकळी होते. नखें, पंजांमधील केस व शेपटीखालील केस यांची छाटणी जाणत्या हातानें व्हावी. जटा कातडीस चिकटल्या असतील तर ओढून जनावरास छळण्यापेक्षां तेवढा भाग यंत्रानें कापलेला बरा. ज्यांचे केस सतत वाढतच राहतात अशा पूडलसारख्या जातींस नियमित कापणी लागतेच.

दुकानांत जाण्यापूर्वीं कांहीं गोष्टी स्पष्ट विचाराव्या. वाळवितांना कुत्र्यास गरम हवेच्या बंद पेटींत एकटें ठेवतात काय? ठेवीत असतील तर तेथून परत फिरावें, कारण त्यांत जीव जाण्याचा धोका आहे. मेजावर गळ्यांत दोर अडकवून कोणी दूर जातें काय? यंत्राचीं पातीं प्रत्येक जनावरानंतर स्वच्छ करतात काय? नसल्यास गजकर्ण एकाचें दुसऱ्यास होतें. कुत्रें शांत राहावें म्हणून झोपेचें औषध पशुवैद्याखेरीज कोणास देऊं देऊं नये. नेण्याची वेळ सकाळची असावी. भर दुपारीं बंद गाडींत नेऊं नये.

कुत्र्याचें नेहमींचें तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. धाप न थांबणें, हिरड्या गडद लाल होणें, झोकांड्या जाणें, वांती होणें हीं उष्माघाताचीं लक्षणें होत. अशा वेळीं सावलींत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावें, वारा घालावा व पशुवैद्याकडे तांतडीनें न्यावें.

फणी, न्हाणें, गोचिडीचें औषध व लस यांच्या तारखा एका वहींत मांडून ठेवाव्या. तोंडी हिशेब पावसाळ्यांत हटकून चुकतो. आणि ज्यास आठवड्याचा पाऊण तास यासाठीं काढणें शक्य नाहीं, त्यानें हौसेखातर हिमप्रदेशाचें जनावर आणूं नये. गांवठी कुत्र्याचें पिल्लू लस टोंचून प्रेमानें वाढविलें, तर तें वाडी तितकीच इमानानें राखतें आणि आपली हवा त्यास जन्मतःच मानवते.